चौकातला कंदील आणि चौकातला सूर्य : आपल्या महाराष्ट्र मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद,
महाराष्ट्र मंडळ

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या लेटरहेडवरून नगर परिषदेला गेलेलं पत्र मी गेल्या गुरुवारी वाचलं. पत्र तीनच ओळींचं आहे. ग्रंथालयासमोरच्या चौकात डिसेंबरमध्ये फक्त ‘पारंपरिक सणांचे’ देखावे लावू द्यावेत, असा अर्ज गावातल्या काही रहिवाशांनी केला आहे आणि मंडळाचा त्याला पाठिंबा आहे, एवढंच त्यात लिहिलंय. अर्जात कोणाचं नाव नसलं तरी त्याचा रोख कोणावर आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. चौकात ख्रिस्तजन्माच्या गव्हाणीचा देखावा आहे, ज्यूंचा मेनोरा म्हणजे दीपवृक्ष आहे, आपला आकाशकंदील आहे आणि गेल्या दोन वर्षांपासून आमच्या बुद्धिवादी गटाचा लाकडी सूर्य आहे. अर्ज मंजूर झाला तर तो सूर्य जाणार.

मी त्या गटात आहे, आणि मंडळाची अठरा वर्षांपासूनची आजीव सभासदही आहे. गणपतीला मोदकांची उकड काढणारे आणि हिवाळ्यात तो सूर्य उभा करणारे हात एकच आहेत. मी देव मानत नाही हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, आणि त्यावरून मंडळात मला कधी कोणी दुखावलेलं नाही. म्हणूनच हे पत्र पाठवण्याआधी सभासदांना विचारलं गेलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मंगळवारी संध्याकाळी परिषदेत मतदान आहे. त्याआधी मंडळाने आपला पाठिंबा मागे घ्यावा, ही माझी विनंती आहे. बंद दाराआड बोलण्याऐवजी उघडपणे लिहितेय, कारण पाठिंबा सगळ्यांच्या नावाने गेला आहे.

आधी आमच्या बाजूचं, मला न पटलेलं सांगून टाकते. पहिल्या वर्षी सूर्याखाली आम्ही तीन वाक्यं लिहिली होती. ‘आजची रात्र वर्षातली सर्वांत मोठी. उद्यापासून दिवस मोठा होणार. त्यासाठी कोणाच्या प्रार्थनेची गरज नाही.’ तिसऱ्या वाक्याला मी बैठकीत विरोध केला होता आणि मतदानात हरले. त्याच आठवड्यात कोणीतरी सूर्याचे चार किरण मोडले. मोडणाऱ्याचं वागणं चूकच होतं, पण त्या वाक्याने शेजारच्या चर्चमधल्या एका आजींच्या डोळ्यांत पाणी आलं हेही खरं आहे. त्या महिन्यात त्यांचे पती हॉस्पिटलात होते आणि त्या रोज त्या चौकातून प्रार्थनेला जात होत्या. यंदा ते वाक्य नाही. ते कोणाच्या दबावाने काढलेलं नाही. आमच्यातल्या बहुतेकांना वर्षभरात उमगलं की आपल्याला उजेडाबद्दल बोलायचं होतं आणि आपण दुसऱ्याच्या हातातल्या दिव्याबद्दल बोलून बसलो.

ही चूक आमच्याआधीही झालेली आहे. आपल्या गावापासून तासाभरावर, आपल्या विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसनच्या विधानभवनात, घुमटाखाली नाताळच्या झाडाच्या आसपास दरवर्षी एक फलक लागतो. ‘फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन’ ही नास्तिकांची आणि मुक्तविचारकांची संस्था मॅडिसनचीच. अॅन निकोल गेलर यांनी आपल्या मुलीसह १९७६ साली ती सुरू केली आणि फलकावरचा मजकूरही अॅनबाईंचाच. मराठीत सांगायचं तर तो असा : हिवाळी अयनाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या, या दिवसांत विवेकाचा जय होवो. देव नाहीत, सैतान नाहीत, देवदूत नाहीत, स्वर्ग-नरक नाहीत. आहे ते फक्त हे निसर्गाचं जग. धर्म म्हणजे मिथक आणि अंधश्रद्धा, त्याने हृदयं कठोर होतात आणि मनं गुलाम होतात.

यातलं पहिलं वाक्य मला फार आवडतं. शेवटचं वाक्य मी लिहिलं नसतं. वारीत चाललेल्या माझ्या आजीचं हृदय कठोर झालेलं मी कधी पाहिलं नाही. तरीही तो फलक त्या घुमटाखाली लागलाच पाहिजे, असं मी मॅडिसनला जाऊन शंभर वेळा सांगेन. सरकारी इमारतीत एका विचाराला जागा दिली की सरकारला दुसऱ्याचं तोंड बघून नकार देता येत नाही. हे तत्त्व सोपं नाही, आणि ते अंगवळणी पडायला या देशाला बरीच वर्षं लागली आहेत.

ती वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण मंडळाच्या पत्रात त्यांचा मागमूस नाही.

१९८४ साली र्‍होड आयलंडमधल्या पॉटकेट गावाच्या देखाव्यावरून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की सांताक्लॉज, रेनडियर, झाड अशा गोतावळ्यात ख्रिस्तजन्माचा देखावा असेल तर तो गावाने लावला तरी चालेल. १९८९ साली पिट्सबर्गचा खटला आला. तिथे न्यायालयाच्या भव्य जिन्यावर एकटीच ठेवलेली गव्हाणी घटनाबाह्य ठरली. दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर मात्र ४५ फुटी झाडाशेजारी उभा असलेला १८ फुटी मेनोरा राहू शकला. १९९५ साली ओहायोच्या कोलंबसमधल्या सार्वजनिक चौकात ‘कू क्लक्स क्लॅन’ या गोऱ्या वंशवाद्यांच्या संघटनेला क्रूस उभारायचा होता, तोही नाकारता येत नाही असं कोर्ट म्हणालं. क्लॅनसारख्या संघटनेला! कारण चौक सगळ्यांना खुला ठेवला होता आणि तिथे बोलणारं सरकार नव्हतं, नागरिक होते. २०२२ साली बॉस्टनच्या निकालात नऊच्या नऊ न्यायाधीश एकत्र आले. शहराने नगरभवनासमोरच्या खांबावर बारा वर्षांत २८४ वेळा लोकांचे झेंडे फडकू दिले होते, एकदाही नकार दिला नव्हता. मग एका ख्रिस्ती गटाच्या झेंड्याला नकार दिला आणि शहर हरलं. म्हणजे याच नियमाने एकदा ज्यूंना, एकदा ख्रिस्त्यांना आणि एकदा अगदी नकोशा वाटणाऱ्यांनाही वाचवलं आहे. आपला कंदीलही त्याच नियमाने चौकात लागला.

आता ऑलिंपियाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आपलं गाव अगदी त्याच वाटेने निघालं आहे. वॉशिंग्टन राज्याच्या त्या राजधानीत विधानभवनात आधी झाड होतं. २००६ साली एका रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, विनंतीवरून मेनोरा आला. मग एका ख्रिस्ती रहिवाशाने गव्हाणीसाठी परवानगी मागितली. नकार मिळाल्यावर तो कोर्टात गेला, तडजोड झाली आणि गव्हाणी आली. २००८ च्या डिसेंबरमध्ये मॅडिसनच्या संस्थेचा तोच अयनाचा फलक तिथेही लागला. टीव्हीवर गदारोळ उठला, राज्यपाल ख्रिस्तीन ग्रेगॉयर यांच्या कार्यालयाचे फोन वाजत राहिले, आणि ५ डिसेंबरला फलक चोरीला गेला. तो रस्त्याकडेच्या खड्ड्यात सापडला, आणि कोणीतरी तो सिअॅटलच्या एका रेडिओ स्टेशनवर नेऊन दिला. त्यानंतर अर्जांचा पाऊस पडला. एका विनोदी मालिकेतून निघालेल्या सणाचा अॅल्युमिनियमचा खांब, धर्माची थट्टा म्हणून निघालेल्या ‘उडत्या शेवयांच्या राक्षसा’ची मूर्ती, आणि सांता तुम्हाला नरकात नेईल असं सांगणारा कॅन्ससच्या एका चर्चचा फलक. शेवटी राज्याने अर्ज घेणंच थांबवलं आणि पुढच्या वर्षीपासून इमारतीच्या आत खासगी देखावे बंद केले. मेनोरा गेला, गव्हाणी गेली, फलकही गेला.

कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाला समुद्राकाठच्या बागेत १९५३ पासून ख्रिस्तजन्माचे माणसाएवढ्या आकृत्यांचे देखावे लागत. एकूण चौदा देखावे, पिढ्यान्‌पिढ्यांची हौस. २०११ साली जागांसाठी चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा २१ पैकी १८ जागा नास्तिकांच्या वाट्याला आल्या. पुढच्याच वर्षी शहराने असे सगळेच देखावे बंद केले आणि ते बंद करणं योग्य होतं असं वरच्या कोर्टानेही म्हटलं. त्या चिठ्ठ्यांत माझ्या विचाराच्या लोकांनी इतक्या जागा अडवल्या याचा मला आनंद झाला नाही. साठ वर्षं मुलांना बोटाला धरून ते देखावे दाखवणाऱ्या आईबापांचा विचार त्यांनी करायला हवा होता. पण मंडळाने यातून घ्यायचा धडा वेगळा आहे. कोणाला तरी चौकातून काढायचं ठरलं की निघतात सगळेच, आणि सर्वांत आधी निघतो तो सर्वांत शेवटी आलेला. आपल्या चौकात सूर्याच्या आधी शेवटी आलेलं कोण होतं? आपणच.

‘पारंपरिक’ या शब्दाचंच बघा. ही परंपरा कोणाची आणि ती कोण मोजणार? या देशात मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन म्हणजे कर्मठ ख्रिस्ती लोकांनी १६५९ साली नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली होती. सण पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड, आणि ती बंदी १६८१ पर्यंत टिकली. नाताळची केंद्रीय सुट्टी १८७० ची. आपल्या राज्याच्या विधानभवनातल्या झाडाचं नावही कायम राहिलेलं नाही. ते कित्येक वर्षं ‘हॉलिडे ट्री’ होतं. २०११ साली राज्यपाल वॉकर यांनी त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हटलं आणि २०१९ साली राज्यपाल एव्हर्स यांनी पुन्हा ‘हॉलिडे ट्री’ केलं. जिथे झाडाच्या नावाचीही खात्री नाही, तिथे बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा आपला कंदील कायम ‘पारंपरिक’ राहील, असं तुम्हाला कशावरून वाटतं? मागच्या महिन्यातल्या परिषदेच्या सभेत एका गृहस्थांनी विचारलंच होतं की ‘तो भारतीय दिवा’ दिवाळी झाल्यावरही जानेवारीपर्यंत का लटकत असतो. तुमच्यापैकी दोघे तिथे होते.

२००७ सालचा १२ जुलै मला अजून आठवतो. अमेरिकेच्या सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना होणार होती. नेवाड्याचे पुरोहित राजन झेद बोलू लागले आणि प्रेक्षागृहातून तिघे जण उठून ओरडू लागले. ही प्रार्थना म्हणजे पाप आहे, देवा आम्हाला क्षमा कर, अशा अर्थाचं ते ओरडणं होतं. तिघांना अटक झाली. मी देव मानत नाही, तरी त्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या माझे हात थरथरले. आपल्या मंडळात त्या रविवारी चहाच्या वेळी दुसरा विषयच नव्हता. ओरडणाऱ्यांचं म्हणणं एकच होतं : हे इथलं नाही, ही आपली परंपरा नाही. ते वाक्य आता आपल्या लेटरहेडवरून जावं, आणि तेही आपल्यातल्याच काही जणांविरुद्ध, हे मला सहन होत नाही.

कार्यकारिणीतल्या एका सदस्यांनी मला फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. त्यांचा सूर आपुलकीचा होता, म्हणून उत्तरंही त्याच भावनेने देते.

ते म्हणाले, आपण इथे पाहुणे आहोत, यजमानांना दुखवू नये. काका, मी या देशाची शपथ घेऊन नागरिक झालेली बाई आहे. माझी मुलगी या गावच्या हॉस्पिटलात जन्मली आणि या चौकातल्या ग्रंथालयात वाचायला शिकली. तिने कोणाची पाहुणी म्हणून राहायचं? पाहुणेपणाचा हा समज आपण मुलांच्या ओटीत घालू नये एवढंच मला वाटतं.

दुसरं म्हणाले, लहान मुलांवर परिणाम होतो. होतो ना. पहिल्या वर्षी सूर्य उभा केला तेव्हा मराठी शाळेतल्या आठ वर्षांच्या एका मुलाने मला विचारलं, थंडी आहे म्हणजे सूर्य लांब गेलाय का? मी त्याला सांगितलं की उलट आहे, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. थंडी पडते ती अंतरामुळे नव्हे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे, आणि या दिवसांत आपला उत्तरेचा भाग सूर्यापासून पलीकडे झुकलेला असतो. सूर्य आकाशात खालून जातो, ऊन तिरपं पडतं, पसरतं आणि थोडाच वेळ मिळतं. त्याने हातातलं संत्रं कलतं धरून दिव्याभोवती फिरवून पाहिलं आणि आईला बोलावून दाखवलं. परिणाम झाला तो हा.

तिसरं म्हणजे, नास्तिकांना सण कशाला हवा? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला थोडा वेळ द्यायला हवा.

माझे वडील वाईला शाळेत भूगोल शिकवत. दरवर्षी २२ डिसेंबरला ते मैदानात एक मीटर लांबीची काठी उभी रोवत आणि ऐन दुपारी तिच्या सावलीच्या टोकावर खडा ठेवत. वाईला ती सावली ८८ सेंटिमीटरच्या आसपास भरते. आठवडाभराने पुन्हा मोजायचं, मग महिन्याने. सावली आखडत जायची आणि आम्ही खडे मोजायचो. ते काठीला नमस्कार करायला सांगत नसत, पण खडा ठेवताना ते ज्या निगुतीने वाकत त्याला मी दुसरा शब्द देऊ शकत नाही. त्यांच्यासाठी तो सणच होता. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी अंगणात तशीच काठी उभी केली. सावली सव्वादोन मीटरच्याही पुढे गेली. वाईचा सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा असतो आणि इथला जेमतेम नऊ. चार-साडेचारला अंधारून यायचं, खिडकीबाहेर गोठलेलं तळं, आणि मी नोकरी नसलेली, गाडी चालवता न येणारी, तान्ह्या मुलीबरोबर घरात. त्या सावलीच्या टोकावर ठेवलेला खडा मला डॉक्टरांच्या गोळीइतका उपयोगी पडला, कारण इथून पुढे सावली आखडणारच हे मला ठाऊक होतं. कोणाच्या कृपेने नाही, आणि माझ्या लायकीवरही नाही. ती सगळ्यांसाठी सारखीच आखडते.

म्हणून आम्ही २१ तारखेच्या रात्री जमतो. कोणाच्या तरी अंगणात शेकोटी पेटते, सूप होतं, मुलं दुर्बिणीतून मृग नक्षत्र बघतात. वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं घेतली जातात आणि प्रत्येक नावामागे एक मेणबत्ती लागते. न्यू जर्सीतल्या मानवतावाद्यांनी २००१ साली २३ डिसेंबरला ‘ह्यूमनलाइट’ नावाचा सण सुरू केला, तोही याच भावनेतून. माणसाला वर्षाच्या सर्वांत काळ्या रात्री एकत्र बसावंसं वाटतं, आणि त्यासाठी देव असायलाच हवा असं नाही. आमच्यातले काही जण ‘नाताळ मुळात आमचाच, चर्चने तो पळवला’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. रोमन पंचांगात २५ डिसेंबर हा अयनाचा दिवस धरत होते हे खरं, पण नाताळची तारीख तिथूनच आली की दुसऱ्या कुठल्या हिशेबाने यावर अभ्यासकांत वाद आहे. वसईत घरोघरी येशूजन्माचा गोठा ज्या मायेने सजवतात तो पाहिलेल्या माणसाने तो चोरीचा म्हणू नये.

आणि हा दिवस आपल्याला परका तर मुळीच नाही. शरपंजरी पडलेले भीष्म कशाची वाट पाहत होते? उत्तरायणाची. २१-२२ डिसेंबरला सूर्य उत्तरेकडे वळतो, तेच खरं उत्तरायण. सतराशे वर्षांपूर्वी मकर संक्रांत आणि हा दिवस एकत्र येत असत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश, आणि आपली पंचांगं ताऱ्यांना धरून राहिली, म्हणून संक्रांत सरकत सरकत जानेवारीच्या मध्यावर गेली. शिवराज्याभिषेकाच्या सुमाराला आजच्या मोजणीने ती १० जानेवारीच्या आसपास येत होती. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने हे सगळं तपासलं, आणि १९५७ पासून चालू असलेल्या भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौषाचा पहिला दिवस म्हणून २२ डिसेंबर दिला. म्हणजे चौकातल्या आमच्या सूर्याची तारीख भारत सरकारच्या दिनदर्शिकेत महिन्याची सुरुवात आहे. मी दरवर्षी त्या रात्री तिळगूळ वाटते. आमच्या गटातल्या अमेरिकन मंडळींना आता ‘गोड बोला’ म्हणता येतं.

नास्तिक असणंही आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही. चार्वाकांपर्यंत जायची गरज नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला, देवाधर्माच्या प्रश्नांवर बुद्धीला पटेल तेच लिहिलं, आणि पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ३९ व्या वर्षी ते गेले. आज त्यांच्या नावाच्या संस्थेत आपल्या मुली शिकतात. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध काम केलं, तेही देव मानणाऱ्यांशी बोलणं न तोडता. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्या आठवड्यात मंडळाने शोकसभा घेतली होती. त्यांचा फोटो मीच छापून आणला होता आणि हार तुम्ही घातला होता, अध्यक्षसाहेब. तुम्ही त्या दिवशी म्हणालात की विचाराला उत्तर विचारानेच द्यावं. ते मी विसरलेले नाही.

मंडळाने सूर्याचं कौतुक करावं असं माझं मागणं नाही. आमच्या फलकावरचं वाक्य आवडलं नाही तर तसं लिहा, चौकात आमच्याशी भांडा, शेजारी स्वतःचा फलक लावा. परिषदेने सगळेच देखावे बंद केले आणि चौक मोकळा ठेवला तर तेही कायद्यात बसतं, आणि मी ते मान्य करीन, जरी कंदिलाशिवायचा तो चौक मला ओकाबोका वाटेल. सरकारी जागेपेक्षा प्रत्येकाचं अंगणच बरं, असं म्हणणारे आमच्यातही आहेत. पण काहींना ठेवायचं आणि काहींना काढायचं, आणि कोण राहणार ते बहुसंख्यांच्या नजरेला जे ओळखीचं वाटेल त्यावर ठरवायचं, या वाटेवर मंडळाने सही करू नये. देशभरातल्या आपल्या लोकांनी गेल्या काही वर्षांत केवढं मिळवलंय. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली, पेनसिल्व्हेनियाने २०२४ साली दिवाळीला राज्याची अधिकृत मान्यता दिली. हे सगळं आपण ‘आम्ही थोडे असलो तरी आम्हालाही जागा द्या’ असं म्हणून मिळवलं. तेच वाक्य आज आमचा तेवीस जणांचा गट परिषदेपुढे म्हणतोय.

पाठिंबा मागे घेण्याच्या पत्राचा मसुदा मी सोबत पाठवते आहे. दोनच ओळी आहेत : मंडळाचं आधीचं पत्र सभासदांशी चर्चा न करता पाठवलं गेलं होतं, ते मागे घेत आहोत, आणि चौक सर्व रहिवाशांना सारख्या नियमांनी खुला असावा असं मंडळाला वाटतं. मसुद्यात बदल सुचवायचे असतील तर मी शनिवार-रविवार दोन्ही दिवस घरी आहे. सचिवांची सही सोमवारी दुपारपर्यंत झाली तर मी स्वतः ते परिषदेच्या कार्यालयात नेऊन देईन. मंगळवारची सभा सात वाजता आहे. तीन मिनिटं बोलायला मिळतात आणि नाव आधी द्यावं लागतं. मी माझं नाव दिलं आहे. मंडळातर्फे कोणी बोलायला तयार असेल तर मला फार आधार वाटेल.

आणखी एक. कंदिलाच्या दोन कामट्या वाऱ्याने तुटल्या आहेत आणि खालच्या झिरमिळ्या बर्फाने भिजून लोंबतायत. सूर्य उभारायला आम्ही शनिवारी सकाळी दहाला चौकात येणार आहोत, शिडी आणि तार आमच्याजवळ असेल. जिलेटिन पेपर आणि डिंक कोणी घेऊन आलं तर त्याच शिडीवरून कंदीलही दुरुस्त करून घेऊ.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद